बुडाला की गारठला? थंड पाण्यातल्या मृत्यूच्या शोधाची गोष्ट

आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना आपल्याला थोडा परका वाटेल. आपल्या कोकण किनाऱ्यावर समुद्र बाराही महिने कोमट असतो. आपल्याकडे समुद्राची भीती म्हणजे लाटेची, ओढीची, खोलीची. पाण्याच्या गारठ्याने माणूस मरतो, हे आपल्या अनुभवातलं नाही. पण गंमत अशी, की ज्यांचं अर्धं आयुष्य थंड समुद्रात गेलं त्या युरोपातल्या दर्यावर्दी लोकांनाही हे नीट कळायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. थंड पाण्यात माणूस मेला की नोंदवहीत एकच शब्द पडायचा, ‘बुडाला’. आज आपण बघणार आहोत तो या एका शब्दाचा इतिहास. मृत्यूचं कारण चुकीचं लिहिलं, तर त्यावरचे उपायही चुकतात, आणि त्याची किंमत पुढच्या माणसांना मोजावी लागते.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेल्या प्रसंगापासून करू. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगाला धडकलं आणि २ वाजून २० मिनिटांनी बुडालं. सुमारे १,५०० माणसं गेली. लाइफबोटी अपुऱ्या होत्या, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि ते खरंच आहे. २० बोटी, त्यांत जागा १,१७८ जणांना. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अंगात घालायचे तरंगते पट्टे, म्हणजे लाइफबेल्ट, त्या जहाजावर साडेतीन हजारांहून अधिक होते. जहाजावर जितकी माणसं होती त्याहून कितीतरी जास्त. अनेकांनी ते घातलेही होते. समुद्र त्या रात्री अगदी शांत होता, लाटा नव्हत्या. मग तरंगणारी माणसं बुडाली कशी?

नंतर हॅलिफॅक्सहून मॅके-बेनेट नावाचं जहाज मृतदेह शोधायला गेलं. त्यांना ३०६ देह सापडले. त्यांतले बरेचसे लाइफबेल्ट बांधलेले, पाण्यात उभेच्या उभे तरंगत होते. पाण्याचं तापमान होतं शून्याखाली सुमारे २ अंश. कार्पेथिया हे मदतीचं जहाज पहाटे चारच्या सुमारास पोहोचलं तेव्हा पाण्यातला आवाज केव्हाच थांबला होता. तरीही मृत्यूचं कारण म्हणून ‘बुडून’ हेच धरलं गेलं. चौकशा झाल्या, लंडनमध्ये परिषद भरली, २० जानेवारी १९१४ ला समुद्रावरील सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. लाइफबोटी वाढल्या, वायरलेसचे नियम आले, हिमनगांवर पाळत सुरू झाली. हे सगळं मोलाचंच होतं. पण पाण्यात पडलेल्या माणसाला ऊब कशी राहील, हा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी आलाच नाही. कारण उघड आहे. माणसं बुडाली असं मानलं, म्हणजे उपाय एकच उरतो, तरंगवत ठेवा. आणि तरंगवायची सोय तर आधीच होती!

आता थोडं मागे जाऊ. कारण हा प्रश्न योग्य रीतीने विचारणारा एक माणूस सव्वाशे वर्षं आधी होऊन गेला होता.

लिव्हरपूलमध्ये जेम्स करी नावाचे डॉक्टर होते. डिसेंबर १७९० मध्ये मर्सी नदीच्या मुखाजवळ एक अमेरिकन जहाज वाळूच्या दांड्यावर फुटलं. चौदा माणसं जहाजाच्या अवशेषाला धरून तेवीस तास राहिली. अकरा वाचली, तीन गेली. करी यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. मेलेल्यांमधले दोघे अनुभवी कप्तान होते, आणि ते तुलनेने उंचावर, पाण्याबाहेर बसलेले होते. गारांचा आणि बर्फाचा मारा, वारा हे सगळं त्यांच्या ओल्या अंगावर. जे बराच वेळ पाण्यातच होते, ते जगले. सगळ्यांच्या अंदाजाच्या हे उलट होतं.

करी यांनी यावरून जे निष्कर्ष काढले ते सगळे काही टिकले नाहीत. खाऱ्या पाण्याच्या गुणांवर त्यांनी जरा जास्तच भार दिला. पण त्यांनी केलेली एक गोष्ट पूर्णपणे नवी होती. त्यांनी माणसांना थंड पाण्यात बसवलं आणि थर्मामीटरने त्यांचं तापमान मोजलं. पाण्यातून बाहेर काढल्यावरही शरीराचं तापमान आणखी खाली घसरतं, ही आज बचाव पथकांना शिकवली जाणारी गोष्टही त्यांच्या टिपणांत आहे. १७९७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ते वाचलं गेलं ते मुख्यतः तापाच्या रोग्याला थंड पाण्याने उतार पडतो का, या प्रश्नासाठी. बुडालेल्या जहाजाची बाजू मागे पडली, आणि जवळजवळ दीड शतक मागेच राहिली.

का मागे राहिली? आम्हाला यात दोन कारणं दिसतात. एक म्हणजे, समुद्रात मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन कोण करणार? बहुतेकांचा देहसुद्धा सापडत नसे. आणि दुसरं कारण जरा कडू आहे. मरणारे बहुतेक खलाशी होते. त्यांचं मरण हे धंद्यातलं नेहमीचं मरण समजलं जायचं. नशीब, दुसरं काय!

इथे आपल्या माणसांचा संबंध येतो. ब्रिटिश जहाजांवर हजारो भारतीय खलाशी असायचे. सारंग, तांडेल, खलाशी, भट्टीवाले. रत्नागिरीच्या बाजूचे, गोव्याचे, गुजरातचे, सिल्हेटचे. इंग्रज त्यांना ‘लस्कर’ म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री सिटी ऑफ बनारस हे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं. या जहाजावर इंग्लंडमधून सुरक्षिततेसाठी कॅनडाला पाठवलेली ९० मुलं होती. त्यांतली ७७ गेली. ब्रिटनमध्ये ही घटना आजही मुलांच्या संदर्भातच आठवली जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या जहाजाचे खलाशी मोठ्या संख्येने भारतीय होते, आणि त्यांतलेही खूप जण गेले.

ते कसे गेले हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. कित्येक लाइफबोटी पाण्याने भरल्या होत्या. म्हणजे माणसं बोटीत बसलेली, पण कमरेपर्यंत पाण्यात. वरून वारा आणि पाऊस. अंगावर पातळ कपडे. युद्धनौका दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. तोपर्यंत बोटीतल्या बोटीत माणसं एकेक करून गप्प होत गेली होती. त्यांना बुडाले म्हणता येईल का? एक बोट मात्र आठ दिवस तगली. तिच्यातल्या ४६ जणांपैकी निम्म्याहून अधिक भारतीय खलाशी होते. ती बोट कोरडी होती. फरक तेवढाच होता असं नाही, पण तो फार मोठा होता.

युद्धाने हा प्रश्न टाळता येणार नाही इतका मोठा केला. इंग्लिश खाडीत विमानं पडत होती, वैमानिक पॅराशूटने सुखरूप उतरायचे आणि पाण्यात मरायचे. १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या टॅलबट समितीने हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की नौदलाची जी माणसं समुद्रात गेली, त्यांतली फार मोठी संख्या शत्रूच्या गोळ्याने नव्हे, तर जहाज सोडल्यावर मेली होती. जहाजावरून जिवंत उतरलेली माणसं! त्यांच्यासाठी जे तराफे होते ते उघडे होते. बसणाऱ्याचे पाय सतत पाण्यात. या हिशेबानंतर फुगणारे, छत असलेले, तळ असलेले तराफे आले. बघा, नाव बदललं की उपाय बदलतो. ‘बुडाला’च्या जागी ‘गारठला’ हा शब्द आला आणि तराफ्याला छप्पर आलं.

याच काळात एक असं काम झालं ज्याला संशोधन म्हणायला जीभ रेटत नाही, पण ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही. ऑगस्ट १९४२ पासून डाखाउच्या छळछावणीत जर्मन हवाईदलाच्या नावाखाली कैद्यांना बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास ठेवलं गेलं. झिगमुंड राशर हा त्यातला प्रमुख डॉक्टर. सुमारे तीनशे माणसांवर हे प्रयोग झाले आणि त्यांतली ८० ते ९० मेली. डिसेंबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला डॉक्टरांवर खटला उभा राहिला. माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही, हे तत्त्व १९४७ च्या निकालात लेखी उतरलं.

पुढे कित्येक वर्षं वाद चालला, की ती आकडेवारी वापरावी का. काहींचं म्हणणं होतं, झालं ते पाप, पण त्यातून आज जीव वाचत असतील तर? १९९० मध्ये रॉबर्ट बर्गर या डॉक्टरांनी ती सगळी कागदपत्रं तपासली आणि दाखवून दिलं, की ते काम शास्त्र म्हणूनसुद्धा भरवशाचं नव्हतं. नोंदी अपुऱ्या, विसंगत, आणि काही ठिकाणी खोटेपणाच्या खुणा असलेल्या. आम्हाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. क्रौर्यातून निदान ज्ञान तरी मिळालं, असं म्हणायची सोय इतिहास इथे आपल्याला देत नाही. आपण आज जे जाणतो ते मुख्यतः जहाजांच्या अपघातांच्या चिकाटीने केलेल्या अभ्यासातून आणि स्वतः होऊन थंड पाण्यात उतरलेल्या माणसांकडून मिळालं आहे.

असा एक अपघात म्हणजे लाकोनिया. हे ग्रीक प्रवासी जहाज १९ डिसेंबर १९६३ ला साउदॅम्प्टनहून नाताळच्या सहलीला निघालं. २२ तारखेच्या रात्री मदेरा बेटाच्या उत्तरेला त्याला आग लागली. १२८ माणसं गेली. पण ती आगीतच गेली असं समजू नका. बहुतेक पाण्यात गेली, तीसुद्धा लाइफ जॅकेट घालून. आणि पाणी किती थंड होतं? १८ अंश. मंडळी, महाबळेश्वरला हिवाळ्यात आपण १८ अंशांत मजेत फिरतो! पण हवा आणि पाणी यांत मोठा फरक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगली उष्णता वाहून नेतं. काही तास त्यात राहिलेल्या, त्यातही वयस्कर आणि सडपातळ माणसांचं शरीर हळूहळू थंड होत गेलं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी, मग बोलण्यात गोंधळ, मग गुंगी. शुद्ध हरपली की मान पुढे पडते आणि तोंड पाण्यात जातं.

विल्यम कीटिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या अपघाताचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून त्याने आणखी एक जुनी समजूत मोडली होती. पाण्यात पडल्यावर जड कपडे काढून टाका आणि ऊब येण्यासाठी हातपाय मारत राहा, असा सल्ला पूर्वी द्यायचे. कीटिंगने मोजून दाखवलं की हे अगदी उलट आहे. कपड्यांत अडकलेलं पाणी अंगाच्या उबेने थोडं कोमट होतं आणि तिथेच राहतं. हातपाय मारले की ते ढवळून निघून जातं. तेव्हा कपडे राहू द्या आणि शांत राहा. पुढे १९७० च्या दशकात कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठात जॉन हेवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता शरीराच्या कुठल्या भागातून जास्त जाते ते पाहिलं. छातीच्या बाजू आणि जांघा. म्हणून लाइफ जॅकेट घालून गुडघे पोटाशी घ्यायचे, दंड बरगड्यांना चिकटवायचे, आणि अनेक जण असतील तर एकमेकांना बिलगून राहायचं, ही पद्धत तिथून जगभर गेली.

आता वाटेल, कोडं सुटलं. बुडाला नाही, गारठला. पण नाही. इथेच या गोष्टीला दुसरं वळण मिळतं.

१९७७ मध्ये ब्रिटनमध्ये पाण्यातल्या मृत्यूंचा एक सरकारी अहवाल आला. उघड्या पाण्यात मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सुरक्षित जागेपासून, म्हणजे काठापासून, धक्क्यापासून किंवा बोटीपासून तीन मीटरच्या आत मेले होते. आणि त्यांतले दोन तृतीयांश चांगले पोहणारे समजले जात. तीन मीटर! हायपोथर्मिया व्हायला मोठ्या माणसाला, अगदी बर्फाळ पाण्यातसुद्धा, साधारण अर्धा तास तरी लागतो. मग हे लोक गारठूनही मेले नव्हते. कशाने मेले?

कीटिंगच्या १९६९ च्या प्रयोगात याची चाहूल होती. चांगले पोहणारे तरुण कपड्यांसकट पाच अंशांच्या आसपासच्या पाण्यात उतरवले, तर काहींना काही मिनिटांतच थांबावं लागलं, एकाला तर दोन मिनिटंही जमलं नाही. त्यांचं अंग अजून थंड झालंच नव्हतं. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर फ्रँक गोल्डन आणि नंतर माइक टिप्टन यांनी यामागची यंत्रणा उलगडली. अचानक थंड पाणी त्वचेला लागलं की पहिल्याच क्षणी माणूस जोरात श्वास आत ओढतो. हा आचका आपल्या हातात नसतो. पाठोपाठ धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्याला काही सेकंदही तो रोखता येत नाही. त्या आचक्याच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुफ्फुसात. म्हणजे माणूस खरोखरच बुडतो, पण त्याला बुडवतो तो गारठ्याचा धक्का. दोन-तीन मिनिटांत हा धक्का ओसरतो. ती दोन-तीन मिनिटं तोंड पाण्याच्या वर राहिलं, तर पुढचा वेळ मिळतो.

म्हणून गोल्डन यांनी या मृत्यूंचे चार टप्पे केले. पहिली तीन ते पाच मिनिटं धक्क्याची. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत हातापायांची ताकद जाण्याची. अर्ध्या तासानंतर हायपोथर्मियाची. आणि चौथा टप्पा बाहेर काढताना किंवा काढल्यानंतरचा.

दुसऱ्या टप्प्याचं उदाहरण १२ फेब्रुवारी १९८३ चं आहे. मरीन इलेक्ट्रिक हे कोळशाचं अमेरिकन जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ वादळात उलटलं. ३४ माणसं, पाणी सुमारे चार अंश. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर पोहोचलं, माणसं दिसली, वरून टोपली खाली सोडली गेली. पण खालच्यांच्या बोटांना ती पकडायची ताकदच नव्हती. हेलिकॉप्टर डोक्यावर आणि माणूस चढू शकत नाही! नौदलाचा पाणबुड्या खाली उतरला तेव्हा काहींना उचलता आलं. वाचले तिघंच. या अपघातानंतर अमेरिकेने थंड पाण्यात जाणाऱ्या जहाजांवर अंगभर झाकणारे जलरोधक पोशाख सक्तीचे केले, आणि तटरक्षक दलात पाण्यात उडी घेणाऱ्या बचाव पोहणाऱ्यांचं पथक उभं राहिलं. इथेही तेच झालं. टोपली पोहोचली म्हणजे सुटका झाली, हा समज मोडला तेव्हा नियम बदलला.

लोक विचारतात, काही माणसं तासन्‌तास टिकतात ती कशी? मार्च १९८४ मध्ये आइसलंडजवळ एक मच्छीमार बोट उलटली. पाच जणांपैकी चार गेले. ग्वदलौगुर फ्रिदथोरसन नावाचा तरुण पाच-सहा अंशांच्या पाण्यात पाचेक तास पोहत किनाऱ्याला लागला. पुढे कीटिंगने लंडनमध्ये त्याच्या चाचण्या घेतल्या. त्याच्या अंगावर चरबीचा थर इतका होता की तो जवळजवळ पाण्यातल्या प्राण्यासारखा झाकलेला होता. तेव्हा अशा गोष्टी ऐकून ‘हिंमत असली की जमतं’ असं समजू नये. बाकीच्या चौघांनाही हिंमत होतीच.

आता या सगळ्याचा आजच्या माणसाला उपयोग काय? आपल्यातले बरेच जण आज ब्रिटनमध्ये, कॅनडात, अमेरिकेत, नॉर्वेत राहतात. सुटीच्या दिवशी तळ्यावर कायाक घेऊन जातात, मित्राच्या शिडाच्या होडीत बसतात. मे महिन्यात तिकडे ऊन छान पडतं, हवा वीस अंश असते, पण तळं नुकतंच वितळलेलं असतं. धोका तिथे आहे. कपडे हवेसाठी घालू नका, पाण्यासाठी घाला. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. पहिल्या मिनिटाच्या धक्क्यात ते घालायला तुमचे हात मोकळे नसतात. पाण्यात पडलात तर पोहायची घाई करू नका. उताणे होऊन तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्ट हे तीन आकड्यांत सांगतात. श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात तोवर दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत बोटीवर चढायचं, दोर बांधायचा, शिट्टी किंवा फोन वापरायचा.

बोट उलटली तरी तरंगत असेल तर तिला सोडू नका. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ खलाशांचे बळी घेतले, आणि सोडून दिलेल्या बोटींपैकी बहुतेक नंतर तरंगताना सापडल्या. आणि कुणाला पाण्यातून काढलंत, तर शक्यतो आडवं काढा, आडवंच ठेवा. उभं केल्यावर रक्तदाब अचानक कोसळतो. वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे हलक्या हाताने काढून कोरडं पांघरूण. हातपाय चोळू नका, दारू पाजू नका. आपल्याकडे ब्रँडीचा घोट म्हणजे ऊब अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दारूने त्वचेकडे रक्त धावतं आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते.

शेवटी मूळ मुद्द्याकडे येऊन थांबतो. ‘बुडाला’ म्हटलं तेव्हा आपण लाइफबेल्ट दिले. ‘गारठला’ कळलं तेव्हा छताचे तराफे आणि उबदार पोशाख दिले. ‘पहिल्या श्वासात गेला’ हे कळलं तेव्हा लाइफ जॅकेट आधीपासून अंगात घाला, हे सांगता आलं. प्रत्येक वेळी कुणीतरी नोंदवहीतला तयार शब्द पुरेसा नाही, असं म्हणालं. करी यांनी ते १७९० मध्ये चौदा साध्या माणसांसाठी केलं. सिटी ऑफ बनारसवरच्या आपल्या खलाशांसाठी कुणी ते वेळेवर केलं असतं, तर त्या बोटींना कदाचित छप्पर असतं. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, की मृत्यूची नोंद ही मेलेल्यासाठी नसते, ती पुढच्या माणसासाठी असते.

आता प्रश्न असतील तर घेऊ.